कोळ्याचे पाय पोटाला नसतात

कोळी पहिल्यांदा आला तो सकाळच्या चहाच्या वेळी, आणि दिसला फक्त बाईंना.

"अहो," कप तोंडाशी नेता नेता थांबून त्या म्हणाल्या, "तो बघा. घड्याळाच्या वर. केवढा थोरला!"

लिफ्टवाल्यांनी मान वर केली. घड्याळ होतं, घड्याळाच्या वर खिळा होता, खिळ्याच्या वर भिंत होती. चष्मा कपाळावर ढकललेला होता, तो नाकावर घेतला. तरी भिंतच.

ते उठून लांब दांड्याचा झाडू घेऊन आले.

"अहो, मारू नका! काय केलंय त्यानं तुमचं?"

"अगं, पण आहे कुठे?"

"तुमच्या झाडूवरच चढलाय की!"

लिफ्टवाल्यांनी झाडू असा काही टाकून दिला की तो थेट टेबलावर पडला आणि चहा सगळीकडे झाला. बाई खो खो हसल्या. त्यांना हसताना बघून हेही हसले. कोळ्यावरून दोघं मिळून हसले ते तेवढंच.

लिफ्टवाले म्हणजे उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. निवृत्त होऊनही नाव चिकटलं ते चिकटलंच. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी कान टवकारायचे. वर मोटर नुसती घरघरली तरी काय झिजलंय आणि किती दिवस तग धरेल, हे ते खालूनच सांगायचे. घरातही तसंच. नळ गळला, पंखा कुरकुरला, दार घासलं की यांचा पान्ह्यांचा डबा बाहेर. काही बिघडलं की ते दुरुस्त होतं, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यभर मानली होती. आणि आजवर तरी तिनं त्यांना तोंडघशी पाडलं नव्हतं.

बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. शाळेतली मुलं 'बाई' म्हणायची, मग शेजारीपाजारी म्हणायला लागले, आणि लग्नानंतर थट्टा म्हणून लिफ्टवाल्यांनी सुरू केलेलं 'बाई' पुढे तसंच राहून गेलं. एकुलती एक मुलगी लांबच्या शहरात नोकरीला होती. ती फोनवर भेटायची. गेल्या काही महिन्यांत बाईंची चाल मंदावली होती, उजवा हात आपला आपण थरथरायचा. वय झालं, असं दोघांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं.

कोळी मात्र वयात बसेना. तो रोज यायला लागला. कधी कपाटावर, कधी आरशाच्या कडेला. बाईंना त्याची भीती नव्हती. "आज उशिरा उठलाय," असं त्या एखाद्या भाडेकरूबद्दल बोलावं तसं बोलायच्या. लिफ्टवाल्यांनी औषध फवारून पाहिलं, खिडकीला जाळी ठोकली, भिंतीला हात फिरवून फिरवून भेगा शोधल्या. शेवटी कंटाळून एका दुपारी त्यांनी ठरवलं, हो म्हणून टाकावं. जातंय काय आपलं?

"दिसला, दिसला," ते म्हणाले. "बाप रे, चांगलाच मोठा आहे की."

"कुठे आहे, सांगा बरं?"

त्यांनी अंदाजानं खिडकीकडे बोट दाखवलं.

बाईंनी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तो खाटेच्या पायाशी आहे. वर्गात मुलं अशीच करायची. फळा दिसत नसला तरी माना डोलवायची. मला कळायचं हो."

लिफ्टवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाखवलेलं बोट त्यांनी हळूच खाली घेतलं.

मग दवाखाना झाला. डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, पण बोलायला शांत. त्यांनी बाईंना चालायला लावलं, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, बोटं मोजायला लावली, डोक्याचे फोटो काढायला लावले. मग बाईंना बाहेर बसवून लिफ्टवाल्यांना आत बोलावलं.

"डोळे शाबूत आहेत त्यांचे," त्या म्हणाल्या. "मेंदू मध्येच स्वतःचं चित्र घालतोय. हाताची थरथर, हे दिसणं, मधूनच विसरणं, सगळं एकाच आजाराचं आहे. हा हळूहळू वाढत जातो."

"आणि बरा कधी होतो?"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बरा नाही होत, काका."

"मग करायचं काय?"

"त्यांच्याशी वाद घालू नका. उगीच हो ला होही लावू नका. त्या घाबरत नसतील तर गोळ्या नकोत. नुसते बसा त्यांच्यासोबत."

"नुसतं बसायचं?" लिफ्टवाल्यांनी असं विचारलं, जणू कुणी त्यांना चोरी करायला सांगितलं होतं.

खाली येताना लिफ्ट मजल्यावर थांबता थांबता हलकासा हिसका देत होती. लिफ्टवाल्यांच्या ते लगेच लक्षात आलं. बाईंना बाकावर बसवून ते मुद्दाम पहारेकऱ्याकडे गेले आणि ब्रेक बघून घ्यायला सांगा म्हणाले. दोनदा सांगितलं. पहारेकरी हो म्हणाला तरी त्यांचा पाय तिथून निघेना.

त्याच संध्याकाळी बाईंनी कपाटातून जुने कागद आणि पेन्सिल काढली. "तुम्हाला काढूनच दाखवते," म्हणाल्या. पण पेन्सिल कागदावर टेकली की हात थरथरायचा आणि रेघेला केस फुटायचे. डाव्या हातानं उजवं मनगट धरून पाहिलं, तर दोन्ही हात थरथरायला लागले. ज्या हातानं फळ्यावर एका दमात गोल काढला की मुलं टाळ्या वाजवायची, तो हा हात. बाईंनी पेन्सिल फेकली नाही की त्या रडल्या नाहीत. कागद लिफ्टवाल्यांकडे सरकवला.

"तुम्ही काढा."

"मी? अगं, मला साधा आंबा काढता येत नाही."

"मी सांगते तसं काढा. तुम्हाला भिंतीवर दिसत नाही ना? मग कागदावर तरी बघा, माझ्याबरोबर कोण राहतंय ते."

लिफ्टवाल्यांनी जीभ दातांत धरून एक गोल काढला आणि त्याला चारी बाजूंनी आठ काड्या लावल्या.

बाईंनी कागद लांब धरून पाहिला. "छान आहे सूर्य. आता याच्या खाली दोन डोंगर काढा आणि एक झोपडी."

दुसऱ्या दिवशी जेवणाचं टेबल पुसून शाळा भरली, आणि मग रोजच भरायला लागली.

"कोळ्याचे पाय पोटाला नसतात," हा पहिला धडा. "सगळे तिथंच चुकतात. त्याचं अंग दोन तुकड्यांचं. पुढचा लहान, मागचा मोठा, बटणाएवढा. मध्ये बारीक कंबर. आठही पाय पुढच्या तुकड्यातून फुटतात. मागचं पोट नुसतं ओझ्यासारखं मागे. काढा."

काढलं. पाय पोटालाच लागले. पुन्हा काढलं. पाय पुढे आले, पण एका बाजूला पाच झाले. पुन्हा. या वेळी पाय बरोबर चार-चार, पण सगळे सरळ, कंगव्याच्या दातांसारखे.

"गुडघे कुठे आहेत त्याचे? गुडघा अंगापेक्षा वर असतो. पाय आधी वर चढतो, मग खाली उतरतो. अंग मध्ये टांगलेलं असतं."

'टांगलेलं' म्हटल्यावर लिफ्टवाल्यांच्या डोक्यात काहीतरी हललं. त्यांना दोरांवर लटकलेला लिफ्टचा डबा दिसला. पण डोक्यात दिसणं वेगळं आणि बोटांतून उतरणं वेगळं. कागदावर आला तो कोळी नव्हता, उताणं पडलेलं स्टूल होतं.

शेवटी ते खरा कोळी बघायला गेले. आपल्याच इमारतीत, जिन्याखाली, विजेचे मीटर होते त्या कपाटात. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात भिंग, आणि गुडघे दुखत असल्यामुळे बुडाखाली पाट. लिफ्टच्या अंधाऱ्या उभ्या विहिरीत त्यांनी आयुष्यभर हातभर जाळी झाडूनं ओढून काढली होती. तिथं राहणाऱ्याकडे मात्र एकदाही नीट पाहिलं नव्हतं. कोळी अगदी निवांत बसला होता. पुढचे पाय लांब, तिसरी जोडी आखूड. तोंडाशी आणखी दोन इवलेसे, पायांसारखे. हे बाईंनी सांगितलं होतं, आणि यांना ती बाईंची कल्पना वाटली होती.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार पाठीशी येऊन उभे राहिले.

"काय हो, वीज चोरताय की काय?"

"नाही हो. कोळी बघतोय."

हवालदारांनी आधी कोळ्याकडे पाहिलं, मग लिफ्टवाल्यांकडे. "बरं," म्हणाले आणि सावकाश जिना चढून गेले. दुसऱ्या दिवशी हवालदारांची बायको भाजी द्यायचं निमित्त करून आली आणि दारातच हळू आवाजात तिनं विचारलं, "भाऊजींची तब्येत बरी आहे ना?" बाईंची तब्येत विचारायची सोडून!

शिकवण्याच्या त्या दिवसांत बाईंचा आवाज बदलायचा. एरवी घरात त्या शब्द शोधत बसायच्या, पातेल्याला 'ते गोल' म्हणायच्या. टेबलाशी बसल्या की आवाज खणखणीत. आणि एक दिवस त्या म्हणाल्या, "अरे, असं नाही. कोपर टेकवू नकोस. खांद्यातून हात फिरव, बोटांतून नको."

लिफ्टवाल्यांची पेन्सिल थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. भांडणातसुद्धा 'अहो, तुम्हाला अक्कल आहे का' असंच यायचं.

"अगं..." ते म्हणायला गेले.

"बोलू नकोस. रेघ ओढताना बोललास की रेघ वाकडी जाते."

त्यांनी तोंड मिटलं आणि रेघ ओढली. ही वर्गातली सवय म्हणून आली, की समोर नवरा बसलाय हेच बाई विसरल्या? विचारायची सोय नव्हती. विचारावं तर आवाजातला खणखणीतपणा क्षणात विझेल, आणि न विचारावं तर आपण कोण म्हणून बसलोय तेच कळायचं नाही. खरं सांगायचं तर त्यांना ते 'अरे' आवडलंही होतं, आणि आवडलं याचीच त्यांना भीती वाटत होती.

बाई कधी कधी त्यांच्या हातावर आपला हात ठेवून रेघ ओढायला लावायच्या. मग दोघांची मिळून रेघ थरथरायची. "थांब," बाई म्हणायच्या. थरथर ओसरायची वाट बघायची. ओसरली की एक पाय काढायचा. पुन्हा थांबायचं. एका कोळ्यात दुपार निघून जायची.

पावसाळा सरता सरता एक कोळी बरा उतरला. कसा कोण जाणे. लिफ्टवाल्यांचं लक्ष धड नव्हतं, गॅसवर दूध होतं. पण पाय पुढच्या तुकड्यातून निघाले, गुडघे वर चढले, पोट मागे राहिलं, आणि कागदावर काहीतरी असं बसलं की आता पळेल. बाईंनी कागद उचलला. समोरच्या भिंतीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे.

"हाच," त्या म्हणाल्या. "अगदी हाच तो."

बाईंना रोज काय दिसतं ते त्यांना आज दिसलं होतं. कागदावर का होईना, दोघं एकाच गोष्टीकडे बघत होते. दूध उतू गेलं, करपल्याचा वास आला, तरी ते उठले नाहीत.

बाईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. "शाबास. खूप छान काढलंस. चल, आता दप्तर आवर. शाळा केव्हाच सुटलीये. तुला न्यायला बाबा येणार आहेत का रे?"

वाद घालू नका, उगीच हो ला होही लावू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मधलं काय ते त्या म्हणाल्या नव्हत्या.

"येतील," ते म्हणाले.

"मग ते येईपर्यंत मी बसते तुझ्यासोबत," बाई म्हणाल्या, आणि खरंच बसल्या.

त्यानंतर उतार लागला. एक कोळी होता, त्याचे अनेक झाले. ते आता भिंतीवर नसायचे, चादरीवर असायचे, ताटात असायचे. बाई घास हातात घेऊन किंचाळायच्या. अंगावरचे कपडे झटकून झटकून दंड लाल करून घ्यायच्या. लिफ्टवाले झटकायला मदत करायचे, काही नसलेलं झटकायचे. पांढरी ताटं आणली, साध्या पांढऱ्या चादरी घातल्या, घरातले दिवे वाढवले. उपयोग शून्य. एकदा त्यांनी तो बरा उतरलेला कागद समोर धरला आणि म्हणाले, "बाई, हा बघ, हा आपला ओळखीचा." बाईंनी कागद चोळामोळा करून टाचेखाली चिरडला.

आता मात्र डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली. "थोडी जपून देऊ. या आजारात ती कधी कधी उलटते," असं बजावलंही. कोळी गेले. चार दिवसांत सगळे गेले. पण त्यांच्यामागोमाग बाईही गेल्यासारख्या झाल्या. अंग लाकडासारखं ताठ झालं, मान छातीवर उतरली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. बसवलं तिथं बसायच्या.

मुलगी रजा काढून आली. आईकडे बघून आधी रडली, मग डोळे पुसून कामाला लागली.

"बाबा, निदान शांत तरी आहे ना ती?"

"शांत नाही गं," लिफ्टवाले म्हणाले. "बंद आहे. लिफ्ट बंद पडली की तीही शांतच असते."

"मग काय, ती किंचाळत राहायला हवी तुम्हाला?"

गोळी द्यावी तर बाई नाहीत, न द्यावी तर बाईंचे हाल. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्या हातांनी अडकलेली माणसं मजल्यांच्या मधून बाहेर काढली होती. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि आईची लाळ पुसायला घेतली.

डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद केली. दुसरी एक सौम्य दिली. हळूहळू बाईंची मान वर आली, लाळ थांबली, नजर फिरायला लागली. पण बोलणं परत आलं नाही. एखादा शब्द यायचा, तोही जागा चुकून. मुलगी परत गेली, जाताना एक मदतनीस बाई लावून दिली, ती सकाळी आंघोळ घालून जायची. दुपारी घरात दोघंच.

अशाच एका दुपारी बाई अचानक ताठ झाल्या. खोलीच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं काहीच नव्हतं, तिथं त्यांची नजर खिळली. श्वास भराभर चालायला लागला. थरथरत्या हातानं त्यांनी लिफ्टवाल्यांचा सदरा घट्ट धरला.

"काय आहे? कोळी आहे का?"

मान हलली. नाही.

लिफ्टवाल्यांनी जागेवरूनच हात लांबवून टेबलावरचे कागद आणि पेन्सिल ओढून घेतली. "सांग, मी काढतो. तू फक्त सांग."

बाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द आला नाही. पुन्हा प्रयत्न केला, गळ्याच्या शिरा वर आल्या. आवाज आला, पण तो शब्द नव्हता.

लिफ्टवाल्यांनी मांजर काढलं. पाय आपोआप गुडघे वर काढून पसरले. बाईंनी मान हलवली. त्यांनी कुत्रा काढला, तोही तसाच झाला. नाही. साप काढला. नाही. माणूस काढला, उंच. नाही. माणूस काढला, बुटका. पेन्सिल किंचित थांबली. मग फ्रॉकातली लहान मुलगी काढली, आपली मुलगी होती तशी. बाईंनी कागदाकडे पाहिलंही नाही, त्यांची नजर कोपऱ्यातून सुटेचना. लिफ्टवाल्यांनी आग काढली, पाणी काढलं, उघडं दार काढलं. कागद संपत आले. एवढे दिवस शिकून त्यांना एकच गोष्ट काढता येत होती, आणि आज बाईंना ती दिसत नव्हती. जे दिसत होतं ते सांगायला बाईंकडे काही उरलं नव्हतं.

"मला नाही येत गं," ते शेवटी म्हणाले. "बाई, मला नाही काढता येत."

बाईंचा हात सदऱ्यावरून सुटला नाही. सुती कापड ओढलं जाऊन शिवण उसवत होती.

लिफ्टवाल्यांनी पेन्सिल खाली ठेवली. सदरा बाईंच्या मुठीत तसाच राहू देत त्यांनी पायानं खुर्ची ओढली, ती बाईंच्या आणि त्या कोपऱ्याच्या मध्ये आणली आणि कोपऱ्याकडे पाठ करून बसले. पाठ अजून रुंद होती. ती जितकी ताणता येईल तितकी त्यांनी ताणली.

बाई त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. ते थोडे डावीकडे सरकले. बाईंची नजर दुसऱ्या खांद्यावरून पलीकडे गेली. ते उजवीकडे सरकले.